शामू मिस्त्रींची कणीक

माझ्या दुकानात कणीक आणायची नाही, असा नियम मला करावा लागला होता. ट्रॅक्टरच्या पार्टचं दुकान, आणि नियम कणकेचा! केडगावात पुणे रस्त्याला माझ्यासारखी बरीच दुकानं आहेत. कुणालाही जाऊन विचारा, तुमच्या काउंटरवर कधी कुणी मळलेला गोळा आणून ठेवलाय का म्हणून. तो मान फक्त माझा, कारण शामू मिस्त्री फक्त माझ्याकडे यायचे. का यायचे, देव जाणे. मी त्यांच्याशी कधी धड बोललो नाही आणि त्यांनी माझं कधी धड ऐकलं नाही.

खरं नाव शमुवेल. केडगावातून आत गेलं की एक खेडं आहे, निम्मं गाव ख्रिस्ती, तिथले ते. गावानं शमुवेलचं शामू केलं आणि त्यांनी ते चालवून घेतलं. आयुष्यात चालवून घेतलेली तेवढी एकच गोष्ट असावी, कारण बाकी सगळ्यावर त्यांचा वाद. सत्तरी ओलांडलेली, अंगानं काटकुळे, खाकी शर्टाच्या खिशात लोखंडावर ठिपका मारायचा टोकदार पंच, आणि नाकावर एक चष्मा नि कपाळावर दुसरा. दोन्ही निरुपयोगी, कारण मोतीबिंदू कधीच पिकला होता. ऑपरेशनचं नाव काढलं की म्हणायचे, "डोळं डाक्टरला खोलू देऊ? बंद करताना तो एखादा पार्ट बाहीर ठिवून गेला म्हंजी?"

दुकानात पाऊल टाकताना "सलाम, शेठ" एवढं मात्र गोड म्हणायचे. त्यानंतर गोड काही नाही.

जुन्या ट्रॅक्टरांची इंजिनं पुन्हा बांधणं हे त्यांचं काम. ज्यांचे पार्ट यायचे बंद झाले, ज्यांचं नाव काढलं तरी नवे मेकॅनिक हात जोडतात, असले खटारे. त्यात खरी मारामारी असते पिस्टन आणि हेड जुळवायची. हेड म्हणजे इंजिनचं झाकण. त्याच्याखाली पिस्टन वरखाली करतो आणि दोघांच्या मध्ये जी पोकळी उरते तिथं डिझेल पेटतं. पोकळी जास्त झाली तर डिझेल पेटतच नाही, इंजिन नुसता पांढरा धूर ओकत बसतं. कमी झाली तर पिस्टन जाऊन झाकणावर आपटतो, मग सगळंच भंगारात. आता एकाच ट्रॅक्टरला कधी खोलगट डोक्याचे पिस्टन आले, कधी सपाट डोक्याचे. खोलगटाचं हेड वेगळं, सपाटाचं वेगळं. बोल्टांची भोकं मात्र सगळ्यांची तीच, त्यामुळे काहीही कशावरही बसतं.

"बसनं येगळं आन् नांदनं येगळं, शेठ," असं शामू मिस्त्री म्हणायचे. पिस्टन आणि हेडच्या जुळण्याला त्यांचा शब्द होता सोयरीक.

ही सोयरीक जुळते का बघायला त्यांना कणीक लागायची. पिस्टनच्या डोक्यावर तेलाचं बोट फिरवून वर गोळा ठेवायचा, हेड बसवायचं, बोल्ट आवळायचे, इंजिन हातानं फिरवायचं. मग हेड उचलायचं. कणकेला वरून हेडचा ठसा, खालून पिस्टनचा. ती चपटी झालेली कणीक सुरीनं कापायची आणि किती जाड राहिली ते बघायचं. जगभरचे लोक शिशाची तार वापरतात. मी त्यांना तार आयती काढून दिली होती. "तार नुसती जाडी सांगती, कनिक समदं सांगती," म्हणाले, आणि तार काउंटरवर ठेवून चालते झाले.

बरं, हे उद्योग आपल्या शेडमध्ये करावेत ना! नाही. नवा सेट घ्यायला आले की गोळा सोबत. भर काउंटरवर डबा फोडून पिस्टनच्या डोक्यावर कणीक थापायची आणि ठसा उजेडात धरून डोळे बारीक करायचे. एकदा शेवगावकडचे एक पाहुणे उभे होते. त्यांना वाटलं नव्या पार्टाची पूजा चाललीय. त्यांनी चप्पल काढली, हात जोडले आणि विचारलं, "कसला निवद हाय, बाबा?" शामू मिस्त्री चर्चच्या पंचकमिटीत राहिलेले. ते असे काही उखडले की पाहुणे चप्पल हातात घेऊनच बाहेर गेले. आणि तो पिस्टन मिस्त्रींनी घेतला नाही तो नाहीच. मी पुसून पुन्हा डब्यात घातला, दुसऱ्याला विकला. चार दिवसांनी तो माणूस डबा घेऊन परत. "शेठ, तुमच्या पार्टाला मुंग्या लागल्यात." खाचेत कणीक राहिली होती! त्या दिवशी मी पाटी रंगवून घेतली: दुकानात कणीक आणू नये.

मिस्त्रींनी पाटी वाचली नाही. म्हणजे दिसली नाही असं म्हणाले. मोतीबिंदू त्यांना असा सोयीनं असायचा.

त्यांची बायको रूथकाकू, शांत बाई, पण त्यांच्याही सहनशक्तीला काही मर्यादा होती. मला म्हणायच्या, "माझ्या घरात पोळीपेक्षा पिस्टनच जास्त जेवत्यात, भाऊ." रोज सकाळी पहिला गोळा मिस्त्रींचा बाजूला काढायचा, मग घरच्यांच्या पोळ्या. बाहेरगावी काम असलं तर मात्र मिस्त्री त्या घरच्या बाईकडून कणीक मागायचे, आणि तिथं हमखास भांडण. मीठ घातलं म्हणून भांडण, सैल मळली म्हणून भांडण. पारनेरच्या बाजूला एका वस्तीवर सुनेनं बाजरीचं पीठ मळून पाठवलं. बाजरीच ती, दाबल्यावर तडकली आणि तिचा भुगा सगळा इंजिनात. पुन्हा सगळं धुणं आलं. मिस्त्री अंगणात उभं राहून तिला बोलायला लागले तर ती तव्यावरची भाकरी उलटत आतून म्हणाली, "आमी समदी बाजरीच खातो. तुमच्या इंजनाला गहूच लागत आसंल तर त्याला सासुरवाडीला नेऊन घाला." मिस्त्री ही गोष्ट मला कितीदा तरी सांगायचे, आणि दरवेळी शेवटी विचारायचे, "आता तुमीच सांगा, शेठ, चूक कुनाची?" मी सुनेची बाजू घेतली की दोन दिवस यायचे नाहीत. त्यामुळे मी नेहमी सुनेची बाजू घ्यायचो.

आणि असंही समजू नका की त्यांचं नेहमी बरोबर असायचं. राहुरीच्या एका ऊसवाल्याचं इंजिन त्यांनी असंच नाकारलं होतं. "ह्यो सेट नांदायचा न्हाई," म्हणाले. त्यानं दुसऱ्याकडून तोच सेट बसवून घेतला आणि तो ट्रॅक्टर उसाच्या दोन दोन ट्रॉल्या ओढत कितीतरी हंगाम माझ्या दुकानासमोरून गेला. मिस्त्री दुकानात असले की मान फिरवून म्हणायचे, "धूर बघा, धूर!" धूर बिलकूल नसायचा. मी तसं बोलायचो. "तुमाला दिसत न्हाई," म्हणायचे. डोळे अधू कुणाचे, आणि बोलतंय कोण! डोकं फिरायचं अगदी.

काम पुरं झालं की हेडच्या कडेला पंचानं तीन ठिपके मारायचे, एका रांगेत, तिरपे. बाप, पुत्र, पवित्र आत्मा. "ही आमची सही. तीन ठिपके दिसलं की कुनी खोलायचं कामच न्हाई, आत समदं बरूबर." हे वाक्य मी इतक्यांदा ऐकलंय की झोपेतही म्हणू शकेन.

तर त्यांच्या गावच्या चर्चच्या आवारात एक जुना लाल ट्रॅक्टर उभा होता. पूर्वी चर्चची शेती होती तेव्हाचा. त्याच ट्रॅक्टरवर शामू मिस्त्री पोरवयात काम शिकले. पुढं ते शुगर फॅक्टरीच्या वर्कशॉपमध्ये नोकरीला लागले, बरीच वर्षं बाहेर राहिले, आणि परत येऊन बघतात तर ट्रॅक्टर बंद, चिंचेखाली. त्यांच्या मते मधल्या काळात कुणातरी गाढवानं त्याच्या इंजिनाला हात लावून वाट लावली होती. ते गाढव कोण, यावर त्यांनी अर्ध्या गावाशी वैर धरलं. मेलेल्या माणसांनासुद्धा सोडलं नाही. दर रविवारी उपासना सुटली की चिंचेखाली उभं राहून त्या गाढवाचा उद्धार. पाळक नवीन आले की त्यांना सगळ्यात आधी ते गाढव कळायचं, मग मंडळी.

मग एक दिवस पंचकमिटीनं ठराव केला. गाड्या लावायला जागा पाहिजे, ट्रॅक्टर भंगारात द्यायचा. मिस्त्री तिथंच कडाडले. शेवटी पाळकांनी मधला मार्ग काढला: कापणीच्या सणाला जी मिरवणूक निघते, तिच्यात ट्रॅक्टर स्वतःच्या ताकदीनं चालत आला तर राहील. नाही आला तर दुसऱ्या दिवशी भंगारवाला.

मिस्त्री दुकानात आले ते आंघोळ केल्यासारखे घामानं निथळत. "शेठ, खोलगट पिस्टनाचा सेट पायजे. लगोलग." त्यांच्या हिशेबानं त्या मॉडेलला खोलगट पिस्टनच. मी इकडेतिकडे फोन करून, कोपरगावहून एका ओळखीच्याच्या हाती सेट मागवला. दोन दिवसांत परत घेऊन आले. "ह्यो बोगस हाय. कनिक जाड येतीया, भाकरीवानी." मी दुसरा मागवला. तोही परत. आता मी पार कावलो. म्हटलं, "मिस्त्री, जागा जास्त उरतीय ना? मग सपाट डोक्याचे घालून बघा. माझ्याकडे फळीवर पडलाय सेट, बघा तरी."

"ह्या मॉडेलला सपाट? शेठ, तुमी दुकान चालवा. इंजन आमाला चालवू द्या."

"मग हेड तरी तपासा!"

"हेडाला काय धाड भरलीया? ज्या गाढवानं पिस्टन बिघडवलं त्यानं—" आणि पुढं ते गाढवपुराण. गिऱ्हाईक उभं, फोन वाजतोय, आणि मी गाढवाची गोष्ट ऐकतोय.

सण रविवारचा. गुरुवारी मी दुकान भावावर सोपवून त्यांच्या गावी गेलो, ते भांडायलाच. काहीही घाला, धूर टाकू दे, पण मिरवणुकीपुरता तरी चालू दे, असं तोंडावर सांगायचं ठरवलं होतं. रस्ताभर वाक्यं जुळवत गेलो. बघतो तर मिस्त्री चर्चच्या मागच्या पत्र्याच्या शेडमध्ये पोत्यावर बसलेले, हेड उलटं करून मांडीवर घेतलेलं, आणि तारेच्या ब्रशनं त्याच्या कडेचा रंग खरवडत होते. त्या ट्रॅक्टरला दर नाताळला कुणीतरी लाल रंग फासायचं, त्यामुळे थरावर थर चढलेले. माझी चाहूल लागली तरी मान वर केली नाही.

"शेठ, हितं बघा. बोटाला काय तर लागतंय. खड्डा हाय का गंज?"

मी वाकून बघितलं. रंगाचा पापुद्रा निघाला होता आणि खाली लोखंडावर तीन ठिपके होते. एका रांगेत, तिरपे.

खरं सांगतो, मला वाटलं की गंज आहे म्हणून सांगावं. त्यांना काय दिसणार होतं? पण मग ट्रॅक्टर गेलाच असता, आणि हा माणूस मरेपर्यंत माझ्या पिस्टनांना शिव्या देत बसला असता.

"तीन ठिपके आहेत, मिस्त्री."

"एका रांगंत?"

"एका रांगेत."

त्यांनी त्यावरून पुन्हा बोट फिरवलं. मग बोलेनात. मी त्यांना ओळखायला लागल्यापासून हा माणूस गप्प झालेला पहिल्यांदाच बघत होतो, आणि इतकी वर्षं ज्या क्षणाची मी वाट बघितली तो आला तेव्हा मला अजिबात बरं वाटलं नाही. रूथकाकू चहा घेऊन आल्या त्या तशाच थांबल्या. "काय झालं? ह्ये गप का बसलं?"

"हेड मीच बसवलंय," मिस्त्री म्हणाले. "जुनं हेड तडकलं हुतं. भंगारातनं ह्ये आनलं. भोकं जुळली, बसलं. दुसऱ्या दिशी फॅक्टरीत हजर व्हायचं हुतं, ठिपकं मारलं आन् चालू करून न बघताच गेलो. पार इसरलो हुतो. ह्ये सपाटाचं हेड हाय आन् खाली खोलगट पिस्टन. कसं पेटंल?"

"पण कणीक लावून बघितली नाहीत?" मी विचारलं.

"येळ कुटं हुता कनिक मळायला?"

"मी मळली हुती की," रूथकाकू म्हणाल्या. "नवी नवरी मी. घासल्या-पुसल्या ताटात झाकून ठिवली हुती. तुमी घाईनं तशेच गेला. सांजच्याला मी तिच्या पोळ्या केल्या, आन् तुमी त्या खाल्ल्या."

मिस्त्रींनी चहा एका घोटात संपवला. मी मनात जुळवून आणलेली सगळी वाक्यं विसरून गेलो.

आता जुनं हेड आणायचं कुठून? जगात असलं तरी रविवारच्या आत मिळणार नव्हतं. शेवटी मिस्त्रीच म्हणाले, "सपाट पिस्टन द्या."

"अहो, मी पहिल्याच दिवशी म्हणालो नव्हतो का—"

"म्हनला हुता. आमी ऐकलं हुतं की," ते म्हणाले. जणू ऐकलं होतं एवढ्यानं माझं काम झालं! मी तोंडातल्या तोंडात काय काय पुटपुटत केडगावला आलो, फळीवरचा धुळकट डबा काढला आणि परत गेलो. रूथकाकूंनी कणीक मळली. मिस्त्रींनी गोळा ठेवला, हेड बसवलं, बोल्ट आवळले, इंजिन फिरवलं, हेड उचललं, कणीक कापली. त्यांना दिसेना म्हणून तो तुकडा त्यांनी काकूंच्या हातात दिला. काकूंनी तो चिमटीत धरून बघितला. आयुष्यभर हे गोळे मळलेली बाई, तिला काय सांगायचं?

"बरूबर हाय," त्या म्हणाल्या.

"हेड बी चुकीचं, पिस्टन बी चुकीचं," मिस्त्री म्हणाले, "पन सोयरीक बरूबर."

रविवारी सकाळी मी गेलोच. माझे पिस्टन होते ना आत! पहिल्या झटक्याला पांढरा धूर आला आणि पंचकमिटीचे लोक एकमेकांकडे बघायला लागले. दुसऱ्यालाही धूर. तिसऱ्याला तो ट्रॅक्टर असा काही धडधडला की चिंचेवरचे कावळे उडाले आणि पोरं ओरडत गावभर पळाली. मागच्या ट्रॉलीत उसाच्या मोळ्या, बाजरीची कणसं, कांदे, भोपळे, पाय बांधलेल्या कोंबड्या. भजनाची पेटी, ढोलकी पुढं. चालवायला दुसरा होता, कारण तसल्या डोळ्यांनी मिस्त्रींना ते जमणारं नव्हतं. ते मडगार्डवर हात ठेवून बाजूनं चालत होते आणि चालवणाऱ्याला एकसारखे बोलत होते. "रेस कमी कर! आरं, तुझ्या बापाचा हाय व्हय? गेर नगं बदलू!" तो बिचारा रडकुंडीला आला होता. चर्चच्या दारात येऊन ट्रॅक्टर थांबला, बंद पडला नाही, थांबवला.

आत उपासनेत साक्ष द्यायची वेळ आली. एकेक जण उठून देवाचे उपकार मानत होता. कुणाच्या बोअरला पाणी लागलं होतं, कुणाची मुलगी नर्स झाली होती. मी मागच्या बाकावर बसलेलो. शामू मिस्त्री उठले, दोन्ही चष्मे काढले.

"ह्या ट्रॅक्टराची ज्या गाढवानं वाट लावली," ते म्हणाले, "त्याला मी लई वर्सं हितं आवारात शिव्या दिल्या. तुमी समद्यांनी ऐकल्या. तुमच्या बापजाद्यांची नावं घेतली मी. ते गाढव मीच हाय. देवाचं उपकार, त्यानं मला मरायच्या आत ते सापडवून दिलं."

पाळकांना कळेना, यावर आमेन म्हणायचं की नाही. तेवढ्यात बायकांच्या बाजूनं रूथकाकूंचा खणखणीत आवाज आला, "आमेन!" मग जे हसू फुटलं ते आवरेना. मिस्त्री मात्र हसले नाहीत. त्यांनी चष्मे पुन्हा चढवले आणि खाली बसले.

पुढं लवकरच त्यांची मुलगी दोघांना पुण्याला घेऊन गेली, डोळ्यांच्या ऑपरेशनला आणि राहायलाही. मिस्त्री तिथंच वारले. ऑपरेशन चांगलं झालं होतं म्हणतात; म्हणजे शेवटी डॉक्टरला खोलू दिलं.

मी त्यांना शेवटचं बघितलं ते पुण्याला जाताना. मुलीनं गाडी माझ्या दुकानासमोर थांबवली. मिस्त्री उतरले नाहीत, नुसती काच खाली केली. "सलाम, शेठ. कनकेची पाटी हाय का अजून?"

"आहे."

"ऱ्हाऊ द्या. उगं दुसऱ्या कुनी आनली तर."

मी विचारलं, "ट्रॅक्टरच्या हेडवर नवे ठिपके मारले का? का जुनेच चालवले?"

"एक मारला."

"एकच?"

"तीन देवाचं हुतंच की. त्याच्या म्होरं चौथा मारला, गाढवाचा. उद्या कुनी हेड खोललं तर त्याला कळाया पायजे, शिव्या कुनाला द्यायच्या."

आणि काच वर करता करता मुलीवर ओरडले, "आगं, गेर सावकाश टाक!"